संगणक बंद पडतो? आधी वही काढा!

घरातली एखादी वस्तू बिघडली की आपण वस्तू तपासत नाही, माणसे तपासतो. कुणी हात लावला? शेवटी कोण बसले होते? आमच्या मिरजोळ्याच्या घरात एका पावसाळ्यात नेमके हेच झाले आणि त्यात चूक आमचीच निघाली. ती लपवण्यापेक्षा सांगितलेली बरी. चार घरांच्या उपयोगी पडेल.

आमच्याकडे एक जुना डेस्कटॉप संगणक आहे. एमआयडीसीतल्या एका कारखान्याने जुनी यंत्रे विकायला काढली, त्यातला एक आम्ही स्वस्तात घेतला. त्याचे धनी तीन. वहिनी त्यावर महिला बचत गटाचा हिशेब ठेवतात, बारावीतला पुतण्या अभ्यास करतो आणि अधूनमधून गेमही खेळतो, आणि कचेरीतून आल्यावर आम्ही मंडळाची पत्रे टाईप करतो. जुलै महिन्यात हा संगणक चालता चालता एकदम बंद पडू लागला. कधी दिवसातून एकदा, कधी तीनदा.

आम्ही लगेच निकाल देऊन टाकला. "गेम खेळून खेळून व्हायरस घुसवलास. उद्यापासून हात लावायचा नाही." पोरगा म्हणाला, "काका, मी काय नाय केलंय. तो आपोआप बंद पडतो." आम्ही ऐकले नाही. संगणक एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने विचारले, "आत काही महत्त्वाचे आहे का?" वहिनींना न विचारता आम्ही बेधडक "काही नाही" म्हणालो. त्याने सगळे पुसून विंडोज नव्याने टाकून दिली. पैसे दिले, संगणक घरी आला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडला.

त्या संध्याकाळी वहिनींनी विचारले, "भावजी, गटाचा हिशेब कुठे गेला?" आमच्या पोटात गोळाच आला. गटात १४ बायका. कुणी घरकाम करते, कुणी मासळी विकते, कुणी आंब्याच्या हंगामात बागेत मजुरीला जाते. त्यांच्या कर्जाची फाईल बँकेत जायची होती आणि शेवटच्या सात महिन्यांचा हिशेब फक्त त्या संगणकात होता. नशिबाने प्रत्येकीकडे आपापले पासबुक होते. दोन रविवार सगळ्या आमच्या ओटीवर बसल्या आणि पासबुकांवरून हिशेब पुन्हा उभा केला. त्यांनी आम्हाला एका शब्दाने दुखावले नाही. त्यामुळे जास्तच लागले.

तेव्हा आम्ही ठरवले की आता अंदाज पुरे. दोन रुळांची एक वही घेतली आणि पानावर पाच रकाने आखले: तारीख, वेळ, कोण काय करत होते, कसा बंद पडला, त्या वेळी घरात आणखी काय चालले होते. संगणकाशेजारी पेन दोरीने बांधून ठेवले. जो बसेल त्याने लिहायचे.

यात आमची अक्कल काही नवी नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या संगणकात बिघाड शोधताना एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो वेळेसह नोंदवहीत चिकटवून ठेवला. ते पान आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. एवढ्या मोठ्या यंत्राचा दोष शोधायलाही वही लागली, मग आपल्याला का लागू नये?

बारा दिवसांत १७ नोंदी झाल्या. वही वाचली आणि आमचे डोळे उघडले. १७ पैकी ९ वेळा संगणक संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेत बंद पडला होता आणि त्यातल्या एकाही वेळी पोरगा त्यावर नव्हता. एकतर वहिनी हिशेब करत होत्या, नाहीतर आम्ही स्वतः टाईप करत होतो. शेवटच्या रकान्यात वहिनींनी तीनदा लिहिले होते, "पंखा हळू झाला." आणखी ५ वेळा तो अर्धा-पाऊण तास व्हिडिओ किंवा गेम चालल्यावर बंद पडला होता. उरलेल्या ३ वेळा गडगडाट होऊन वीजच गेली होती. म्हणजे एक दोष नव्हताच, दोन होते. आणि त्यात व्हायरस कुठेच दिसत नव्हता.

दोन दोष असले तरी एका वेळी एकच उपाय करायचा, हा नियम वाचकांनी पाठ करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि खर्च मात्र चारही गोष्टींचा होतो.

पहिला उपाय सफाईचा. संगणक बंद केला, पिन भिंतीतून काढली, पाच मिनिटे थांबलो, मग डब्याचे झाकण उघडले. आत जांभ्याची तांबडी धूळ! रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हवेतल्या ओलाव्याने ती धूळ लेपासारखी चिकटून बसते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली जी धातूची जाळी असते ती पार बुजली होती. प्रोसेसर फार तापला, म्हणजे साधारण ९०-१०० अंशांच्या घरात गेला, की आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर स्वतःला वाचवायला बंद होतो. पुतण्याने पंख्याचे पाते बोटाने धरून कोरड्या ब्रशने धूळ काढली. पाते मोकळे सोडून हवा मारू नये, पंखा बिघडतो. जाळी आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्ट वाळून गेली होती, ती नवी लावली. पुढच्या आठवड्यात जड कामाने बंद पडणे थांबले. संध्याकाळचे मात्र चालूच राहिले.

दुसरा उपाय यूपीएसचा. ओळखीच्या वायरमनने संध्याकाळी मीटर लावला तर २३० व्होल्टच्या जागी १९५. दाब असा उतरला की यूपीएस संगणकाला बॅटरीवर घेतो. तेच त्याचे काम. पण बॅटरीच मेलेली असेल तर? मग तो घेतो आणि त्याच क्षणी सोडून देतो. तपासणी सोपी आहे. सगळ्या फाईली बंद करा आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढा. संगणक काही मिनिटे चालला तर बॅटरी ठीक. आमचा तत्क्षणी बंद पडला. या बॅटऱ्या साधारण दोन ते चार वर्षे टिकतात, आमची त्याहून जुनी होती. नवी १२ व्होल्टची बॅटरी हजार-बाराशेच्या घरात आली. जुनी दुकानदाराला परत दिली. तिच्यात शिसे आणि तेजाब असते, ती कचऱ्यात टाकू नये. जो राखणीला ठेवला होता तोच घात करत होता आणि आरोप मात्र पोरावर!

प्रत्येक घरात दोष हाच असेल असे नाही. म्हणून संगणक कसा बंद पडतो ते नीट पाहा. दिवा विझावा तसा एकदम बंद पडला तर वीज, यूपीएस, आतला पॉवर सप्लाय किंवा उष्णता यांच्यावर संशय घ्या. निळा पडदा येऊन काही अक्षरे दिसली तर ती मोबाईलने टिपून ठेवा. असे बहुधा रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्कमुळे होते. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून परत बसवले तरी पुष्कळदा काम होते. पट्टीला हात लावण्यापूर्वी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. चित्र जागच्या जागी गोठले आणि आतून टकटक ऐकू आली तर हार्ड डिस्क जायच्या बेतात आहे. मग दुसरे काही न करता आधी फाईली उतरवून घ्या. विंडोजमध्ये 'रिलायबिलिटी मॉनिटर' नावाची नोंदवही असते, ती कोणत्या दिवशी काय बिघडले ते दाखवते. तीही वाचा. पण पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही तिच्यात जीवघेणा विजेचा साठा राहू शकतो.

कुणी म्हणेल, "विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून बंद पडतो, नवा घ्या." सुरक्षेच्या दृष्टीने तो विचार जरूर करावा. पण आधार संपला म्हणून चालता संगणक मधेच विझत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट हिशेबाची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा दुकाने-कचेऱ्यांतली यंत्रे आणि कागद दोन्ही चिखलात गेले. म्हणून महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती हव्यात. एक संगणकात, एक पेन ड्राईव्हवर आणि एक दुसऱ्याच जागी. वहिनी आता दर महिन्याला गटाच्या हिशेबाचा पेन ड्राईव्ह दुसऱ्या वाडीतल्या एका सभासद बाईंकडे ठेवतात आणि कागदी वहीही चालू केली आहे. गटाची फाईल बँकेत गेली, थोड्या उशिराने का होईना.

राहता राहिला पुतण्या. आम्ही त्याला जवळ बसवून वही दाखवली आणि म्हणालो, "चूक माझी होती. तुझे ऐकायला हवे होते." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग काका, आता गेम लावू?" आम्ही म्हटले, "लाव. पण अर्धा तास."

वाचकहो, एक चाळीस पानी वही आम्हाला आणली असती तर दुरुस्तीचे पैसे, बायकांचे दोन रविवार आणि पोराचे मन, तिन्ही वाचले असते. तुमच्या घरचे यंत्र बंद पडेल तेव्हा आवाज चढवण्यापूर्वी वही काढा.