सरासरीत हरवलेले तालुके

दहावीचा निकाल लागला, की बारामतीच्या चौकाचौकांत फ्लेक्स झळकतात: शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा कायम. इंदापूर, भिगवण, वालचंदनगरला चित्र वेगळे नसते. कच्च्या मुलाला नववीतच बाजूला घेऊन ‘तू सतरा नंबरचा फॉर्म भर’, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बस, असे सुचवायचे आणि शाळेच्या टक्क्याला धक्का लागू द्यायचा नाही, ही त्या परंपरेची दुसरी बाजू. ती फ्लेक्सवर छापत नाहीत.

हा टक्का किती लवचिक आहे, हे राज्य मंडळाच्याच आकड्यांत दिसते. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर घसरला आणि २०२० मध्ये ९५.३० वर चढला. एका वर्षात राज्यातली मुले मठ्ठ आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असे नव्हे. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांच्या तोंडी परीक्षेचे गुण काढून घेतले होते. ओरड झाली, गुण परत आले, निकालही परत आला. २०२१ मध्ये कोरोनामुळे लेखी परीक्षा झालीच नाही, तर निकाल ९९.९५ टक्के! वजनकाटाच दरवर्षी बदलत असेल, तर मालाबद्दल काय बोलणार?

म्हणूनच सर्वांना एकच मोजमाप लावणाऱ्या संपादणूक चाचण्यांचे महत्त्व आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. तिसरी, सहावी आणि नववीच्या एकवीस लाखांहून अधिक मुलांनी ते दिले. नववीची देशाची सरासरी भाषेत ५४, विज्ञान व सामाजिक शास्त्रात ४०, तर गणितात ३७ टक्के निघाली. हीच पिढी सव्वा वर्षाने दहावीला बसते आणि नव्वदीच्या घरातल्या निकालाचा भाग होते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्यावर मात्र कोणी पेढे वाटत नाही.

पण या सर्वेक्षणाचा अहवाल जिल्ह्याच्या पातळीवर थांबतो. पुणे जिल्हा म्हणजे हिंजवडी आणि कोथरूड, आणि पुणे जिल्हा म्हणजेच सुप्याचा जिरायती पट्टा, निमगाव केतकी आणि उजनीच्या पाणफुगवट्याकाठची पळसदेवसारखी गावे. या साऱ्यांची सरासरी इंदापूरच्या गटशिक्षणाधिकाऱ्याच्या काय उपयोगाची? बारामतीतही विद्यानगरीचा परिसर आणि मोरगावकडचा भाग यांना एका मापाने मोजता येत नाही. तालुका हे एकक धरून मोजणी करणे अशक्य नाही. ३ नोव्हेंबर २०२३ च्या राज्य शैक्षणिक संपादणूक सर्वेक्षणात तसे झाले होते. ते दरवेळी व्हावे. त्यातले आपल्या तालुक्याचे पान शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचले जावे.

या दोन तारखांकडे पुन्हा पाहा: नोव्हेंबरचा आरंभ, डिसेंबरचा आरंभ. म्हणजे उसाचा गळीत हंगाम. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी या कारखान्यांच्या परिसरात तेव्हा बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या तोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या असतात. त्यांतल्या नववीच्या वयाच्या मुलीचे नाव गावाकडच्या पटावर असते आणि ती इथे धाकट्या भावंडाला सांभाळत किंवा मोळ्या बांधत असते. तिकडे ती गैरहजर, इकडे तिची नोंदच नाही. जिची पातळी कळणे सर्वांत गरजेचे, तीच मोजणीतून निसटते आणि सरासरी तेवढीच गोंडस होते. शिक्षण हक्क कायद्याचे कवचही चौदाव्या वर्षी संपते, त्यामुळे तिला शोधत कोणी कोपीपर्यंत येत नाही.

शिक्षक चाचण्यांना कंटाळले आहेत, ही तक्रार रास्त आहे. पायाभूत चाचणी, संकलित चाचण्या, त्यांचे गुण पोर्टलवर भरणे, यात शिकवायचे दिवस जातात. पण त्यांचा वैताग मोजण्यावर कमी आणि मोजून काहीच हाती न लागण्यावर जास्त आहे. गोल काळे केलेल्या उत्तरपत्रिका गठ्ठ्याने जातात. अपूर्णांक कुठे अडला, उतारा वाचून अनुमान का काढता आले नाही, हे त्या वर्गाच्या बाईंना कळेपर्यंत वर्गच पुढे गेलेला असतो. आणि निकालावरून शाळांची क्रमवारी लावायला घेतली, तर सतरा नंबरचा फॉर्म इथेही अवतरेल. तेव्हा क्रमवारी नको.

चाचणी जुलैत घ्यावी. तोडणी कामगार तेव्हा आपापल्या गावी असतात, मुले पटावर आणि वर्गात असतात. नववीच्या जुलैत उणीव कळली, तर दहावीच्या मार्चपर्यंत शिक्षकांच्या हाती वीस महिने राहतात.