शब्दाचे दोन काठ

परभाषेतील शब्द पाठ करणे सोपे असते. त्याची ओळख पटणे मात्र अवघड असते. माणसाचे नाव कळले म्हणजे माणूस कळला असे होत नाही. तो कोणत्या घरात वाढला, कोणाशी कसा वागतो, वेळप्रसंगी कसा उभा राहतो, हे पाहिल्यावरच त्याची खरी ओळख होते. शब्दाचेही तसेच आहे. इंग्रजीतील ‘बँक’ हा लहानसा शब्द याचे चांगले उदाहरण आहे. आणि त्याचे निरनिराळे अर्थ समजून घेण्यास रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन गावांसारखी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल.

रोहा कुंडलिका नदीच्या तीरी वसला आहे आणि पेण भोगावतीच्या. इंग्रजीत नदीच्या तीराला ‘बँक’ असेच म्हणतात. ज्या विद्यार्थ्याला या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक आहे, तो ‘रोहा गाव कुंडलिकेच्या बँकेवर वसले आहे’ असे भाषांतर करून मोकळा होईल, आणि नदीने लोकांच्या ठेवी केव्हापासून स्वीकारायला आरंभ केला, असा प्रश्न वर्गात हशा पिकवील. हसून झाल्यावर चूक कोठे झाली ते पाहावे. शब्द तर त्याला पाठ होता. पण शब्दाच्या शेजारी कोण बसले आहे, इकडे त्याने लक्ष दिले नाही. शेजारी नदी आली की बँक म्हणजे काठ. शेजारी ठेव आणि खाते आले की बँक म्हणजे पेढी. ढगांची बँक म्हणजे ढगांची लांबच लांब रास. विमान ‘बँक’ करते, तेव्हा ते वळताना एका अंगावर कलते. आणि एखाद्या माणसावर ‘बँक’ करणे म्हणजे त्याच्यावर भिस्त ठेवणे.

एकाच शब्दात इतके अर्थ कसे नांदतात? मागे वळून पाहिले तर त्यांचे नाते दिसते. युरोपातील जुन्या जर्मानिक भाषांत या शब्दाचे मूळ आहे आणि त्यात उंचवट्याची किंवा बाकाची कल्पना आहे. जमिनीचा उंचवटा तो नदीचा काठ झाला. बाक या अर्थाचा शब्द इटलीत गेला. तेथे नाणी मोडून देणारे सराफ बाकावर किंवा मेजावर आपला व्यवहार मांडीत. म्हणून त्या बाकाचेच नाव त्यांच्या धंद्याला मिळाले. तेथून ते इंग्रजीत आले आणि इंग्रजीतून मराठीत. दिवाळे निघाल्याचा इंग्रजी शब्दही इटलीतूनच आला असून त्याचा मूळ अर्थ ‘मोडलेला बाक’ असा आहे. आपल्याकडील ‘पेढी’ हा शब्दही संस्कृत ‘पीठिका’ म्हणजे बैठक, यापासून आल्याचे मानतात. दूरदूरच्या दोन देशांतील व्यापारी बैठक मांडून बसले, आणि दोन्हीकडे बैठकीचेच नाव व्यवहाराला पडले!

मराठीने हा शब्द स्वीकारताना त्याचा पैशाचा अर्थ तेवढा घेतला. बाकीचे अर्थ तिकडेच राहू दिले. हे योग्यच झाले. नदीसाठी मराठीत काठ, तीर, तट हे शब्द होते. शेतासाठी बांध होता. विश्वासासाठी भिस्त होती. ज्याला स्वतःच्या घरात भांडी आहेत, तो शेजाऱ्याकडून नसलेले तेवढेच मागून आणतो. परका शब्द मुळीच नको, असे काही जण म्हणतात. परंतु ‘बँकेत’, ‘बँका’, ‘बँकांनी’ अशी रूपे ज्याची सहज होतात, तो शब्द आता परका राहिलेला नाही. उलट, सर्वत्र इंग्रजी शब्दच पेरावेत, हेही बरे नाही. रुग्णासाठी रक्त साठवण्याची सोय झाली, तेव्हा मराठीने तिला ‘रक्तपेढी’ हे नाव दिले आणि जुन्या पेढीला नवे, पुण्याचे काम मिळवून दिले. घरचा शब्द वापरात ठेवला की तो असा कामाला येतो.

आता या शब्दाच्या मोलाकडे वळू. चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. संस्कृतचे ते मोठे व्यासंगी. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला. हेच चिंतामणराव १९४३ साली भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४९ पर्यंत त्या पदावर होते. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १९४९ साली, देशातील बँकांच्या नियमनाचा कायदा झाला. त्या कायद्यातील एक तरतूद भाषेच्या विद्यार्थ्याने अवश्य ध्यानात ठेवावी. जी कंपनी खरोखर बँकेचा व्यवसाय करीत नाही, तिने आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द घालू नये, असे त्यात सांगितले आहे. कायद्याने एका शब्दावर पहारा बसवावा, याचे कारण काय? कारण असे की, तो शब्द पाटीवर वाचताच सामान्य माणूस निर्धास्त होतो आणि कष्टाचा पैसा त्या दाराआड नेऊन ठेवतो. शब्द खोटा निघाला तर बुडतो तो माणूस.

हे नीट समजण्यास पेण तालुक्यातील खाडीकाठच्या खारजमिनी पाहाव्यात. तेथे पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून समुद्राचे खारे पाणी अडवले आणि आतल्या जमिनीत भात पिकवले. असा मातीचा लांब उंचवटा हीसुद्धा इंग्रजीत ‘बँक’च. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते आणि पाणी बांधाला भिडते. खेकड्याचे एखादे बीळ वेळीच बुजवले नाही, तर त्यातून पाणी झिरपू लागते, माती सुटते आणि बांधाला खांड पडते. मग खारे पाणी शेतात शिरते. पाणी ओसरते, पण मीठ मागे राहते. त्या शेतात पुढे किती तरी दिवस धड पीक येत नाही. म्हणून जुने शेतकरी बांध घातला एवढ्यावर कधी थांबत नसत. ते बांधावरून फिरत, भोके बुजवीत, आणि खांड पडली की सारा गाव धावून जाई. बांधाला बांधपण येते ते मातीच्या ढिगाने नव्हे, या राखणीने.

पैशाच्या बँकेची गोष्टही निराळी नाही, याचा अनुभव पेणलाच आला. पेण अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेने २०१० साली निर्बंध घातले. गैरव्यवहाराने बँक पोखरली गेली होती. हजारो ठेवीदारांची पुंजी आत अडकली. त्यात म्हातारपणासाठी ठेवलेले पैसे होते, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले होते, आणि गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या या गावातील कष्टकऱ्यांचेही होते. आपले पैसे परत मिळावेत म्हणून ठेवीदारांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. पाटीवरचा शब्द तोच होता. त्याच्यामागची राखण मात्र सुटली होती.

अशी संकटे पूर्वीही आली आहेत आणि त्यांतून देश शिकलाही आहे. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. त्यानंतर १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण देण्याची व्यवस्था सुरू झाली. आरंभी हे संरक्षण प्रत्येक ठेवीदारामागे १,५०० रुपयांपर्यंतच होते. २०२० साली ती मर्यादा ५ लाख रुपये करण्यात आली. समुद्राकडचा बांध फुटला तर निदान घर वाचावे म्हणून आत दुसरा बांध असावा, तसे हे आहे. तो असावाच, पण त्याच्या भरवशावर पहिल्या बांधाकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नाही.

शब्द आणि व्यवहार यांचा संबंध असा जवळचा आहे. वाक्यात ‘बँक’ हा शब्द आला तर मुलाने आधी शेजारचे शब्द पाहावेत आणि मग अर्थ ठरवावा. व्यवहारात तो शब्द पाटीवर दिसला तर मोठ्या माणसाने त्याच्या शेजारी काय आहे ते पाहावे: परवाना आहे काय, हिशेब वेळेवर तपासले जातात काय, ठेवींचा विमा आहे काय, सभासद सभेला जाऊन प्रश्न विचारतात काय. शाळेतील चुकीला फार तर हसू होते. व्यवहारातील चुकीने संसार उघड्यावर पडतो. दोन्ही ठिकाणी सवय एकच लागते, आणि ती लहानपणी लागलेली बरी. भाषेच्या तासाला प्रत्येक शब्दाला ‘येथे तुझा अर्थ काय?’ असे विचारणारा विद्यार्थी उद्या सभेत उठून हिशेबाविषयीही विचारील. आणि असे विचारणारे लोक ज्या गावात आहेत, त्या गावाच्या बांधाला पडलेले भोक फार काळ लपून राहणार नाही.