वॉरंट नाही, खटला नाही, मुदत नाही

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, मुलं खिरीच्या रांगेत उभी राहिली, आणि आमच्या वस्तीतल्या एक माउली आमच्यापाशी येऊन बसल्या. त्यांच्या मोठ्या मुलाला सणाच्या आदल्या रात्री पोलिसांनी उचलून नेलं होतं. भांडण नाही, मारामारी नाही, कुणाची तक्रार नाही. "वरून ऑर्डर आहे, सण पार पडला की सोडू," एवढंच उत्तर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा घरी आला, पण एक दिवसाची हजेरी बुडाली ती बुडालीच, आणि कारखान्यात मुकादमाचे बोल खावे लागले ते वेगळे. माउलींचा प्रश्न साधा होता. "दादा, गुन्हा केला तर धरावं, आमची ना नाही. पण गुन्हा करील म्हणून धरायचं, हे कुणी काढलं?"

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. खीर थंड झाली तरी आमचं सांगणं संपलं नाही, म्हणून आज ते इथे लिहितो आहोत.

हे काढलं कंपनी सरकारनं. १८१८ साली, म्हणजे भीमा कोरेगावच्या लढाईचं आणि पेशवाई बुडाल्याचं जे साल, त्याच साली कलकत्त्याला एक रेग्युलेशन झालं. बंगालचं तिसरं रेग्युलेशन म्हणून ते ओळखलं जातं. पुढच्याच वर्षी मद्रासला तसंच झालं आणि १८२७ साली मुंबई इलाख्याला पंचविसावं रेग्युलेशन मिळालं. तिन्हींचा गाभा एकच. ज्या माणसावर खटला भरायला पुरावा नाही, किंवा खटला भरणं सरकारला सोयीचं नाही, त्याला 'राज्याच्या कारणासाठी' अटकेत ठेवता येईल. आरोप सांगायला नको, न्यायाधीशापुढे उभं करायला नको, आणि किती दिवस ते लिहायलाही नको. सरकारची मर्जी असेपर्यंत! बंगालच्या रेग्युलेशनात अशा कैद्याच्या प्रकृतीचा आणि त्याच्या कुटुंबाच्या पोटगीचा विचार वेळोवेळी करावा असं मात्र लिहिलं होतं. माणूस कशासाठी आत आहे ते सांगायचं नाही, पण तो जेवतो की नाही याचा कागद वर पाठवायचा, अशी ती साहेबी व्यवस्था.

मुळात ही तरतूद राजेरजवाडे आणि बंडखोर सरदारांसाठी होती. पण हाती आलेलं हत्यार म्यानात पडून राहत नाही. १८६९ साली कलकत्त्याच्या अमीर खान नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याला या रेग्युलेशनखाली धरलं. त्याच्यासाठी मुंबईचे बॅरिस्टर अँस्टी कलकत्त्याला जाऊन हायकोर्टात भांडले, की राणीच्या राज्यात विनाचौकशी माणूस कोंडता येतो कसा? न्यायमूर्ती नॉर्मन यांनी अर्ज फेटाळला. कायद्यानं अधिकार दिला आहे, कोर्टानं आत डोकावायचं कारण नाही, असा त्याचा मथितार्थ.

आता पुण्याचं पाहा. २२ जून १८९७ रोजी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतर सरकारनं सरदार नातू बंधूंना मुंबईच्या १८२७ च्या रेग्युलेशनखाली उचललं आणि १८९९ पर्यंत अटकेत ठेवलं. खटला नाही, पुरावा नाही. हे नातू घराणं कोणतं? १८१७ साली शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवणारे बाळाजीपंत नातू ज्या घराण्यातले, तेच! शिवाय हे बंधू सनातनी पक्षाचे पुढारी. आमच्या आज्या-पणज्यांना त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटावा असं त्यांनी काही केलं नव्हतं, आम्हालाही वाटत नाही. तरीही आम्ही म्हणतो की त्यांना खटल्याविना कोंडणं गैरच होतं. जो कायदा निशाण चढवणाऱ्याच्या घराला सोडत नाही, तो गावकुसाबाहेरच्या माणसाला काय सोडणार?

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, भारत संरक्षण कायदा आला. युद्ध संपलं, पण सरकारला त्या अधिकारांची चटक लागली होती. म्हणून मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा केला. 'ना वकील, ना दलील, ना अपील' असं लोक त्याला म्हणू लागले. पंजाबात त्यातून काय घडलं, जालियनवाला बागेत काय झालं, हे शाळेच्या पुस्तकात आहे. पुस्तकात सहसा नसलेली गोष्ट अशी, की तो रौलट कायदा प्रत्यक्षात वापरलाच गेला नाही आणि १९२२ साली रद्दही झाला. सरकारचं त्यावाचून अडत नव्हतं. जुनी रेग्युलेशनं होतीच की! १९२४ साली सुभाषबाबूंना धरून मंडालेला पाठवलं ते १८१८ च्याच रेग्युलेशनखाली.

आणि आता आमच्या स्वतःच्या इतिहासाशी ज्याचा थेट संबंध आहे तिथे येतो. ५ मे १९३० च्या मध्यरात्रीनंतर गुजरातेत कराडी गावच्या छावणीत पोलिसांनी गांधीजींना झोपेतून उठवलं. १९२२ साली त्यांच्यावर रीतसर खटला झाला होता, ते कोर्टात बोलले होते आणि ते बोलणं जगभर गेलं होतं. सरकारला ती चूक पुन्हा करायची नव्हती. या वेळी सुरतेच्या मॅजिस्ट्रेटनं हुकूम वाचून दाखवला तो १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनचा. रेल्वेनं बोरिवलीपर्यंत आणि तिथून मोटारीनं येरवडा. शंभर वर्षांपूर्वीचा कागद, पण शाई अजून ओली!

त्या अटकेची बातमी सोलापुरात पोचली आणि गिरणी कामगार रस्त्यावर आले. गोळीबार झाला, पोलीस चौकी जळाली, आणि १२ मे १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लागला. झेंडा लावला म्हणून माणसं तुरुंगात गेली. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं.

याच सोलापुरात आणखी एक जागा होती, जिला मार्शल लॉची गरजच नव्हती. ती म्हणजे तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेतली. तिथे जन्माला येणं हाच गुन्हा. दिवसा गिरणीत राबायचं, कामावरून आलं की हजेरी द्यायची, परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकायचं नाही. पुढाऱ्यांच्या अटकेची पेपरात बातमी येत असे, या बंधू-भगिनींच्या अटकेची कधी बातमीच झाली नाही, कारण ती रोजचीच होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा उठला. आणीबाणीचे अधिकार म्हटलं की लोकांना मोठमोठे पुढारी आठवतात. आम्हाला आधी ही सेटलमेंट आठवते.

१९३२ साल उजाडलं तेच वटहुकुमांनी. ४ जानेवारीला व्हाइसरॉय विलिंग्डन यांनी एका दिवसात चार वटहुकूम काढले, त्यांतला मुख्य 'आणीबाणीचे अधिकार' याच नावाचा. सार्वजनिक सुरक्षिततेला बाधा येईल असं एखाद्यानं केलं, करतो आहे किंवा करील, असा संशय आला की धरायचं. त्याच दिवशी मुंबईत मणिभवनातून गांधीजींना पुन्हा १८२७ च्या रेग्युलेशनखाली नेलं ते येरवड्यालाच.

म्हणजे बंधूंनो, २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार ज्या तुरुंगात झाला, तिथला तो कैदी कोणत्याही कोर्टानं शिक्षा दिलेला कैदी नव्हता. पुणे करारात आमचं काय गेलं ते आमच्या घराघरांत बोललं जातं, ते इथे पुन्हा सांगत नाही. पण एवढं ध्यानात घ्या. उपोषण सुरू होण्याआधी सरकार म्हणालं, आम्ही यांना तुरुंगातून हलवून खासगी जागेत अटींवर ठेवतो. गांधीजींनी नाकारलं, तेव्हा सरकार म्हणालं, बरं, तुरुंगातच राहू द्या, भेटीगाठींना मोकळीक देतो. शिक्षा झालेल्या कैद्याचं असं करता येतं का? नाही. इथे कुलूप-किल्ली दोन्ही सरकारच्या मर्जीवर, म्हणून दार हवं तेवढं उघडायचं, हवं तेवढं लावायचं. अशा दारातून बाबासाहेबांना वाटाघाटीसाठी आत जावं लागलं.

गिरणगावही सुटलं नाही. १९३२ सालीच मुंबई सरकारनं स्वतःचा खास अधिकारांचा कायदा केला होता. कारण सांगितलं सविनय कायदेभंगाचं, पण १९३४ च्या गिरणी संपात तोच संपाच्या पुढाऱ्यांवर चालवला. कायदा करताना एक नाव घेतात आणि वापरताना दुसऱ्याची मान धरतात, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांतला २६ वा नियम आला. सरकारची 'खात्री' झाली की स्थानबद्ध. १९४२ च्या ऑगस्टनंतर त्याखाली देशभर माणसं आत गेली. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, हे झाकून ठेवायचं कारण नाही. गृहखातं मात्र मॅक्सवेलसाहेबांकडे होतं. पुढे केशव तळपदे यांचं प्रकरण मुंबई हायकोर्टातून फेडरल कोर्टात गेलं. एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश ग्वायर यांच्या कोर्टानं निकाल दिला की मूळ कायदा 'वाजवी संशय' मागतो, तुमचा नियम नुसती सरकारची खात्री पुरेशी मानतो, म्हणून नियम बेकायदा. सरकारनं काय केलं? आठवडा उलटायच्या आत वटहुकूम काढून तो नियम मागल्या तारखेपासून कायदेशीर करून टाकला!

इथे माउली म्हणाल्या, "मग कोर्टात जाऊन उपयोग काय?" हाच तर मुद्दा. साधा कायदा सरकार एका रात्रीत फिरवू शकतं. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं, हे इंग्रजांच्या फौजदारी संहितेतही होतं. पण ते साध्या कायद्यात होतं. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत १५-अ हे नवं कलम मांडलं. अटकेची कारणं सांगितली पाहिजेत, आपल्या पसंतीचा वकील मिळाला पाहिजे, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलं पाहिजे. त्यांनीच सांगितलं की यात नवं काही नाही, फौजदारी कायद्यात हे आहेच, पण घटनेत घातलं म्हणजे संसदेला किंवा प्रांतांच्या विधिमंडळांना ते सहज काढता येणार नाही. तेच आजचं कलम २२.

पण त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा राहिली. तीन महिन्यांपर्यंत सल्लागार मंडळाविना ठेवता येईल, अशी. यावर समितीत कडक टीका झाली. बक्षी टेकचंद बोलले, ठाकूरदास भार्गव बोलले. बरेचदा तुरुंग भोगलेले महावीर त्यागी म्हणाले की मसुदा समितीच्या सभासदांना आधी स्थानबद्धतेचा अनुभव मिळाला असता तर बरं झालं असतं. बाबासाहेबांनी हसून घेतलं, म्हणाले, यापुढे तो अनुभव घ्यायचा प्रयत्न करीन. तेव्हाची देशाची स्थिती पाहता हा अधिकार पुरता काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. निदान त्याला मुदत असावी, कारण सांगावं लागावं, आणि धरलेल्याला दाद मागता यावी, ही वेसण त्यांनी घातली. टीकाकारांचं म्हणणं चूक होतं असं आम्हाला वाटत नाही. २६ जानेवारी १९५० ला घटना अंमलात आली आणि महिना व्हायच्या आत, २५ फेब्रुवारीला, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा मंजूर झाला. नंतर १९७१ चा मिसा आला आणि १९७५ ची आणीबाणी आली. स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारी दुरुस्ती १९७८ साली संसदेनं केली, पण कलम २२ मधला तो बदल लागू करण्याची तारीख आजतागायत कोणत्याही सरकारनं जाहीर केलेली नाही. आमच्या वस्त्यांत ज्याचं नाव ऐकू येतं तो एमपीडीए कायदा १९८१ चा, त्याखाली एक वर्षापर्यंत ठेवता येतं.

माउलींच्या मुलाचं प्रकरण एवढं मोठं नव्हतं. त्याला नेलं ते साध्या प्रतिबंधक अटकेच्या कलमाखाली. पूर्वी ते १५१ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १७० झालं आहे. त्यातही चोवीस तासांची हद्द आहे. आम्ही त्यांना सांगितलं, पुन्हा असं झालं तर चौघीजणी मिळून जा, एकट्या जाऊ नका. कोणत्या कलमाखाली नेलं ते विचारा. किती वाजता नेलं ते घड्याळात पाहून लिहून ठेवा, कारण चोवीस तास तिथून मोजायचे, प्रवासाचा वेळ तेवढा वगळून. धरल्याची खबर घरच्यांना देणं हे १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पोलिसांवर बंधनकारक आहे, तेही सांगा. आणि स्थानबद्धतेचा हुकूम असेल तर त्याची कारणं मागा, ती मिळाली की लगेच अर्ज करा, त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळू शकतो.

माउलींना लिहिता येत नाही. त्यांच्या नातीनं, सातवीतल्या मुलीनं, हे सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. एका ठिकाणी अडली आणि विचारू लागली, "कलम बावीस की एकशे सत्तर?" आम्ही म्हटलं, दोन्ही लिही, बावीस वर लिही.