मळेवाल्यांची नुकसानभरपाई

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपुष्टात आली, याचा अभिमानपूर्वक उल्लेख अनेक इतिहासग्रंथांत आढळतो. परंतु त्याच कायद्यान्वये सरकारी तिजोरीतून मंजूर झालेल्या दोन कोटी पौंडांपैकी एक छदामही सुमारे आठ लाख गुलामांच्या हाती न पडता ती सारी रक्कम त्यांच्या मालकांच्या पदरात पडली, हे ज्याने लक्षात घेतले नाही, त्याला त्या मुक्तीचे खरे स्वरूप कळले असे म्हणता येणार नाही.

मळेवाला म्हटला की हाती चाबूक घेतलेला क्रूर पुरुष आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः कित्येक बड्या मळेवाल्यांनी आपला मळा कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन हे लिव्हरपूलचे प्रतिष्ठित व्यापारी आणि पार्लमेंटचे सभासद. डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात, त्यांचे उसाचे मळे होते, पण तेथे त्यांनी पाऊलही ठेवले नाही. मुखत्यार आणि मुकादम कारभार पाहत, आणि मालकाकडे साखर व हिशेब तेवढा पोहोचे.

१८२३ साली त्यांच्याच ‘सक्सेस’ नावाच्या मळ्यावरून जो उठाव पेटला, त्याच्या म्होरक्याचे नाव जॅक ग्लॅडस्टन होते. मालकाचे आडनाव गुलामाच्या माथी मारण्याची ती रीतच होती. जॅकचे वडील क्वामिना, मळ्यावरचे सुतार, यांना गोळी घालून त्यांचे प्रेत त्याच मळ्यासमोर टांगून ठेवण्यात आले. आणि इकडे जॉनसाहेब जेम्स क्रॉपर या गुलामगिरीविरोधी व्यापाऱ्याशी लिव्हरपूलच्या वृत्तपत्रांतून वाद घालीत या व्यवस्थेचे समर्थन करीत होते.

मुक्तीनंतर त्यांना भरपाईपोटी एक लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. मुक्त झालेल्यांना मात्र उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर बिनमोल राबावे लागले. ती मुदत संपत आली तेव्हा ग्लॅडस्टन यांनी आधीच कलकत्त्याच्या पेढीमार्फत मागविलेले हिंदी मजूर करारावर डेमेरारात उतरले. याच करारपद्धतीने कोकणातील मराठी माणसेही मॉरिशसच्या उसात जाऊन पोहोचली.

भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडला, म्हणजे गुलामांच्या वंशजांनीही आपल्या करांतून मालकांचे देणे चुकविले. २०२३ साली ग्लॅडस्टन घराण्यातील वंशजांनी गयानात जाऊन जाहीर क्षमा मागितली, हे उचितच झाले. पण माणसाला मिळकत ठरविणारा कायदा आणि त्या मिळकतीची किंमत चुकती करणारी तिजोरी, ही दोन्ही राज्यसंस्थेचीच होती. म्हणून मालकाची भरपाई ज्या तत्परतेने झाली, त्याच तत्परतेने राबणाऱ्यांच्या वारसांचा हक्क मान्य करणे हे त्या राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, आणि एका घराण्याच्या क्षमायाचनेने ते फिटत नाही.