सप्तशृंगगडाची ट्रॉली: ‘देशातील पहिली’ही नव्हे आणि ‘थीम पार्क’ही नव्हे (धागा)

चांदवडहून पश्चिमेकडे जाणाऱ्या डोंगररांगेला इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकार ‘चांदोर रांग’ म्हणत. चांदोर म्हणजेच चांदवड. याच रांगेत वणीचा सप्तशृंगगड आहे. वर्षानुवर्षे वाट पाहायला लावून २०१८ साली तेथे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, आणि तेव्हापासून तिच्याविषयी दोन वाक्ये कानी पडतात. पहिले अभिमानाचे: ‘देशातील पहिली!’ दुसरे नाक मुरडणारे: ‘देवीच्या गडाचे थीम पार्क केले.’ इतिहासापुढे दोन्ही टिकत नाहीत.

आधी अभिमानाचा समाचार. तमिळनाडूतील पळणी येथे मुरुगनाच्या टेकडीवर १९६६ पासून रुळांवरची विंच भाविकांना वर नेत आहे. हिमाचलातील जोगिंदरनगरला शानन जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरउतारावर दोराने ओढली जाणारी गाडी त्याच्याही आधी, १९३० च्या दशकापर्यंत तयार झाली होती. देशाबाहेर पाहिले तर फ्रान्समधील ल्यों शहरात १८६२ मध्ये आणि हाँगकाँगच्या शिखरावर १८८८ मध्ये हेच तंत्र रुजले. ‘महाराष्ट्रातील भाविकांसाठी मोठी सोय’ एवढे म्हटले असते तरी गौरव उणा झाला नसता.

लोकांच्या तोंडी ‘रोपवे’ हा शब्द बसला आहे, आणि पहिल्यांदा बसणाऱ्याचा हिरमोड बहुधा त्यामुळेच होतो. तो दरीवर लोंबकळणाऱ्या पाळण्याची कल्पना करून येतो; मिळते ती रुळांवरून चढणारी बंद गाडी. ना झोका, ना पोटात गोळा. अवघ्या काही मिनिटांत वरचे स्थानक येते आणि ‘एवढेच?’ असा प्रश्न उमटतो. वास्तविक हीच तिची यशस्विता होय. विहिरीच्या रहाटावर एक पोहरा खाली जाताना दुसरा वर येतो, तशा येथे एकाच दोराच्या दोन टोकांना दोन गाड्या एकमेकींना तोलतात. उतरणारीचे वजन चढणारीला हातभार लावते आणि यंत्राला केवळ उरलेला भार ओढावा लागतो. थरार विकणाऱ्या पाळण्यात माणसाला मुद्दाम भ्यायला लावतात. येथे सारी योजना त्याला भीती वाटू नये म्हणून केलेली आहे. थीम पार्कची उपमा येथेच मोडते.

आता नाक मुरडणाऱ्यांकडे वळू. पायऱ्या चढल्यावाचून दर्शनाचे पुण्य नाही, असा त्यांचा दावा असतो. प्रश्न असा की, त्या पायऱ्या तरी कोठून आल्या? त्या देवीने घडविलेल्या नाहीत. परंपरा त्यांचे श्रेय उमाबाई दाभाडे यांना देते आणि काळ १७१० च्या सुमाराचा सांगते. याच उमाबाई पुढे मराठ्यांच्या सेनापतिपदाचा कारभार पाहणार होत्या. त्यांचे माहेर अभोण्याच्या ठोके देशमुखांचे, म्हणजे गडाच्याच परिसरातले. ज्या कड्यावर धडधाकटांचीही दमछाक व्हावी तेथे पायऱ्या खोदविणे म्हणजे त्या काळची ट्रॉलीच! त्या वेळीही कोणा कर्मठाने ‘आता पुण्य स्वस्त झाले’ म्हणून कपाळाला हात लावला असेल, तर त्याचे नाव कोणी जपून ठेवले नाही.

चांदवडकरांना तर हे सांगावे लागू नये. त्यांची रेणुकामाता मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे आणि तिच्या मंदिराशी अहिल्याबाई होळकरांचे नाव निगडित आहे. ज्यांचा रंगमहाल गावात उभा आहे त्या घराण्याच्या या कर्त्या बाईने देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. वाटसरूचे कष्ट कमी करणे यालाच त्या काळी धर्म म्हणत. वाटसरूला थकवून पावन करण्याची कल्पना अलीकडची दिसते, आणि ती मांडणारे बहुधा नांदुरीचा घाट मोटारीने चढून गडावरच्या गावापर्यंत आलेले असतात. तपश्चर्या नेमकी शेवटच्या पाचशे पायऱ्यांपुरतीच का उरते, हे कोडे आहे. गुडघे गेलेल्या आजीबाईंना मात्र त्या पाचशेच साऱ्या घाटाहून जड.

मग आक्षेपार्ह काहीच नाही काय? आहे, पण तो भाविकतेच्या नव्हे, हिशेबाच्या बाजूला. ही ट्रॉली ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खासगी भांडवलातून उभी राहिली. खर्च वसूल करायचा तर तिकीट आलेच. उमाबाईंच्या पायऱ्यांना तिकीट नव्हते आणि आजही नाही. परिणामी ज्याचे पाय शाबूत त्याला वाट फुकट, आणि ज्याचे नाहीत त्याने पैसे मोजावेत, असा उलटा न्याय झाला आहे. सरदार घराण्यातील स्त्रीने जी सोय दानात दिली, ती आज करारातून मिळते. ज्यांना देवीच्या गडाची खरोखर चिंता आहे, त्यांनी थीम पार्कची ओरड थांबवून अपंगांना आणि वृद्धांना ही गाडी विनामूल्य का नसावी, हे शासनाला विचारावे. करारात तेवढी एक ओळ घालायला डोंगर फोडावा लागत नाही.