कोणाला हसावे, कशाला हसावे?

जानेवारी उजाडला की शाळाशाळांतून दहावीच्या निरोप समारंभाची गडबड सुरू होते. २०२५ साली दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली, तेव्हा हा कार्यक्रमही लवकर उरकावा लागला. एकीकडे पूर्वपरीक्षेचे तपासलेले पेपर हातात पडत असतात, हॉल तिकिटाची वाट पाहणे चालू असते, आणि दुसरीकडे नववीची पोरे वर्गणीची वही घेऊन फिरत असतात. फळ्यावर रंगीत खडूची फुले निघतात, दारात रांगोळी पडते, मुली आईची साडी नेसून येतात आणि ओळखूच येत नाहीत. मुख्याध्यापकांचे भाषण, दोघातिघांचे मनोगत, शाळेला भेट म्हणून भिंतीवरचे घड्याळ, मग पोहे नाहीतर सामोसा-वेफर्स आणि शेवटी फोटो. क्रम ठरलेला आहे.

पण मुले ज्याची वाट पाहतात ते वेगळेच. ते म्हणजे शेलापागोटे. आताची मुले त्याला फिशपाँड म्हणतात. शेला आणि पागोटे हा खरा तर मानाचा आहेर. इथे तो कापडाचा नसतो, चिमट्यांचा असतो. एका डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठीवर ज्याला आहेर करायचा त्याचे नाव आणि खाली एक ओळ. लिहिणाऱ्याचे नाव नाही. मग एकाने पुढे उभे राहून त्या मोठ्याने वाचायच्या.

मी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावीच्या मुलांचे गणित घेतो. त्यामुळे त्यांच्या या चिठ्ठ्या दरवर्षी कानावर पडतात. काही तर अशा असतात की मोठमोठ्या विनोदी लेखकांनी हेवा करावा. गणिताच्या सरांना एकाने लिहिले होते, "सर 'हे अगदी सोपं आहे' म्हणाले, की आम्ही पेन खाली ठेवतो." इतिहासाच्या बाईंना मिळाले, "१८५७ चा उठाव दीड वर्षात संपला, बाईंचा धडा दिवाळीपर्यंत चालला." शिपाईमामांना मिळाले, "मुख्याध्यापक शाळा चालवतात, मामा शाळा सोडतात." दर तासाला पाणी प्यायला जाणाऱ्या मुलाला मिळाले, "शाळेची टाकी रिकामी का होते, याचा तपास आज लागला." फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणाऱ्या मॉनिटरला मिळाले, "याचे स्वतःचे नाव लिहायला फळा पुरला नसता."

असा हशा पिकतो की वर्गाचे पत्रे हादरतात. आणि सर्वांत जास्त कोण हसते? ज्याच्यावर चिठ्ठी आहे तोच. गणिताचे ते सर हसून हसून डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "हे अगदी सोपं आहे." त्यांना जेवढ्या टाळ्या पडल्या, तेवढ्या त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या भाषणालाही पडल्या नसतील.

बंधू-भगिनींनो, या हसण्याला मी हलके समजत नाही. दहा वर्षे शिक्षक मुलाच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहितो. "लक्ष देत नाही", "अक्षर सुधारावे", "पालकांनी भेटावे". एवढा एकच दिवस असा येतो, की मूल शिक्षकाच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिते. तोही भीती न बाळगता, सर्वांसमक्ष आणि प्रेमाने. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या माणसापुढे मान खाली घालून उभे राहायची सवय लागलेली होती. साहेबासमोर, सावकारासमोर, मास्तरसमोर. ज्या मुलाला मोठ्या माणसाशी आदर ठेवून थट्टा करता येते, ते मूल उद्या मुलाखतीच्या टेबलासमोर घाबरत नाही. जो शिक्षक ती थट्टा खिलाडूपणे घेतो, तो जाता जाता मुलांना एक धडा जास्तीचा देतो.

आता नाण्याची दुसरी बाजू.

याच डब्यातून दुसऱ्याही चिठ्ठ्या निघतात. कोणाचा रंग काळा म्हणून, कोणी जाड म्हणून, कोणी बोलताना अडखळतो म्हणून. कोणाच्या बापाच्या धंद्यावरून. "फ्रीशिपवाला" म्हणून. मुलगा आणि मुलगी यांची नावे एकत्र जोडून, की ज्यामुळे त्या मुलीची शाळाच बंद व्हावी. याही चिठ्ठ्यांना हशा पिकतो. चिठ्ठीवर नाव नसते, म्हणून लिहिणारा सुटतो. ज्याच्या नावाने ती निघते, तो मात्र सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीच्या बाबतीत असे घडले. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. समारंभात चिठ्ठी निघाली, "हिच्या वहीला भांड्याच्या साबणाचा वास येतो." सगळा वर्ग हसला. तीही हसली. न हसून करते काय? व्यासपीठावरच्या शिक्षकांपैकी कोणी "थांबा" म्हटले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती अभ्यासिकेत यायची बंद झाली. बोर्डाची परीक्षा वीस दिवसांवर. वर्गाच्या फोटोचे पाकीट तिने उघडलेसुद्धा नव्हते.

आठव्या दिवशी तिची आई तिला हाताला धरून घेऊन आली. मला म्हणाली, "दादा, हिला समजावा. वास येतो तर येऊ दे की. त्याच साबणाच्या पैशाची वही हाय ती." मी काय समजावणार? सगळे समजावून त्या माउलीचे झाले होते. मुलीने खाली बसून दप्तर उघडले. ती पास झाली, बारावीही झाली, आज नर्सिंगचे शिक्षण घेते आहे. परंतु ते आठ दिवस कोणी भरून देणार आहे काय?

मग थट्टाच बंद करावी काय? मुळीच नाही. काही शाळांनी भांडणे नकोत म्हणून फिशपाँडच बंद केले आहेत. पायाला काटा टोचला म्हणून कोणी चालणे सोडत नाही. आम्ही कॉमर्स शिकलेली माणसे, आम्हाला प्रत्येक नोंद जमा की नावे, हे पाहायची खोड. इथेही तसे दोन रकाने आखता येतात. माणूस जे करतो त्याला हसावे. उशिरा येणे, पेन मागणे, एकच वाक्य शंभरदा बोलणे, हे सगळे त्याचे त्याने केलेले असते. त्याला हसले तर तोही हसतो. माणसाला जे जन्माने मिळाले किंवा गरिबीने वाट्याला आले, त्याला हसू नये. रंग, जात, देहाची ठेवण, आईबापाचे काम, अंगावरचे कपडे. हे त्याने केलेले नाही, त्यामुळे ते बदलणे त्याच्या हातात नाही. आणि शिष्यवृत्ती ही काही कोणाची मेहेरबानी नव्हे. अनुसूचित जातींच्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. तिला हसणाऱ्याला तिचा इतिहास ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याहून सोपी कसोटी हवी असेल तर तीही सांगतो. जी चिठ्ठी मुलाला घरी जाऊन आईला हसत हसत वाचून दाखवता येईल, ती चांगली. जी खिशात चुरगाळून ठेवावी लागेल, ती वाईट.

गेल्या दोन वर्षांपासून अभ्यासिकेतला निरोप आम्ही मुलांच्याच सल्ल्याने करतो. त्यात चार गोष्टी ठरल्या. दोन मुली, दोन मुलगे आणि एक मोठा माणूस यांनी चिठ्ठ्या आधी वाचायच्या. प्रत्येकाला एक तरी चिठ्ठी मिळालीच पाहिजे, कारण कोपऱ्यात गप्प बसणाऱ्याच्या नावाने काहीच न निघणे, हेही त्याला लागते. वाचणाऱ्याने पहिली चिठ्ठी स्वतःवरची वाचायची. आणि चिठ्ठ्या वाचताना मोबाईल बंद. पूर्वी वर्गातला हशा संध्याकाळपर्यंत विरून जायचा. आता त्याचा व्हिडिओ निघतो आणि घरी पोहोचायच्या आत नात्यागोत्यात फिरतो. वर्गणी परवडेल तेवढीच आणि नवी साडी घेण्याची सक्ती नाही, हेही ठरले. यंदा मलाही चिठ्ठी मिळाली, "काकांची सही आणि शिक्का असल्याशिवाय इथे हसायला परवानगी नाही." मी ती घरी जाऊन वाचून दाखवली. सौभाग्यवतींचे म्हणणे पडले, की यात विनोद कुठे आहे, हे तर खरेच आहे.

निरोपाच्या आणि कौतुकाच्या प्रसंगी मला नेहमी एक गोष्ट आठवते. शाळकरी भीमराव परीक्षा पास झाले, तेव्हा समाजातल्या लोकांनी त्यांच्या अभिनंदनाची सभा ठरवली. वडील रामजी सुभेदार तयार होईनात. अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षाच तर पास झाला आहे, असे त्यांचे म्हणणे. शेवटी दादा केळुसकरांनी त्यांची समजूत घातली, सभा झाली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. ही हकीकत बाबासाहेबांनीच १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. कौतुकाने पोर फुगू नये ही बापाची काळजी आणि त्याच्या हाती एक पुस्तक पडावे ही गुरुजनाची इच्छा, या दोन्ही गोष्टी त्या एका सभेत होत्या. डोक्यातली हवा काढायला मित्राची एक चांगली चिठ्ठी पुरते. पुस्तक मात्र मोठ्यांनीच द्यावे लागते. म्हणून आम्ही वर्गणीतून घड्याळ घेत नाही. प्रत्येक मुलाला एक-एक पुस्तक देतो, मग ते पातळ का असेना.

दहावीच्या मुलामुलींनो, दहा वर्षे एका बाकावर बसलेली ही मंडळी आता पांगणार. कोणी अकरावीला जाईल, कोणी आयटीआयला, कोणाला घरच्या अडचणीमुळे कामही धरावे लागेल. पुढे कधी एसटी स्टँडवर नाहीतर लोकलच्या दारात गाठ पडली, तर जुनी चिठ्ठी आठवून दोघांनाही हसू यावे. एकाला हसू आले आणि दुसऱ्याने मान फिरवली, असे होऊ देऊ नका. तेव्हा डब्यात चिठ्ठी टाकण्यापूर्वी ती स्वतःचे नाव घालून एकदा वाचा. हसू आले तर खुशाल टाका.

आणि हो, चिठ्ठ्या झाल्या की अभ्यासाला बसा. भूमिती अजून बाकी आहे, आणि ती काही "अगदी सोपी" नाही.