दुसरी उडी

शीतल महाजन म्हटले की उत्तर ध्रुव आठवतो. १८ एप्रिल २००४ रोजी पुण्याच्या या तरुणीने तेथे २,४०० फुटांवरून पॅराशूट बांधून उडी घेतली. आयुष्यातली ती पहिलीच उडी, आणि थंडी उणे ३७ अंश! साऱ्यांना त्याचेच कौतुक. मला मात्र तिच्या पुढच्या उड्या मोठ्या वाटतात.

एक उडी ईर्ष्येनेही मारता येते. पण उतरल्यावर पॅराशूटची पुन्हा घडी घालायची, पैसा उभा करायचा, पुन्हा विमानाच्या दाराशी उभे राहायचे, याला वेडच हवे. २००६ मध्ये अंटार्क्टिका, २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून, २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून! हे वेड उडीगणिक वाढत गेले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा गावाने पेढे खाल्ले. यंदा तेच लोक विचारतात, "अजून किती शिकणार?" गेल्या वर्षी आमच्या खेड्यातून चिखलीच्या एस.टी.ने पाच जणी कॉलेजला येत होतो. यंदा दोघीच उरलो. तिघींपैकी एकही नापास झालेली नाही.

प्राध्यापकहो, प्रथम वर्षाचा स्वागत समारंभ जरूर करा. पण दुसऱ्या वर्षाच्या हजेरीपटावरून कोणाची नावे गळाली, तेही एकदा पाहा. शिक्षणाची गोडी आम्हाला आता कुठे लागली आहे. दुसरी उडी आम्हालाही घ्यायची आहे.